इंदूची लाइन

नावं बदलायला गेलेला त्यो. एवढंच काम. त्यात जगायचं-मरायचं काय असतंय, असं तुमाला वाटंल. त्यालाबी वाटलं व्हतं.

आयान, मोबाईल उलटा ठेव. कालेजात कॉम्प्युटर शिकतुयास न्हवं? मग ऐक. आन मधीमधी इंग्लिश फाडू नगंस.

निरंजन नावाचा इंजिनेर व्हता, आमच्या इंटरनेटवाल्या मालकाकडं. रातच्या तक्रारींचा फोनबी त्याच्याच खिशात. ऱ्हायला महाळुंग्यात, अकराव्या मजल्यावर. खांबाला हात लावला की लगीच रुमाल काढणारी जात. खिंडीतल्या खोलीत ज्यो डबा हाय, ज्यातनं समद्या वाड्यांच्या लाइनी जात्यात, त्यो बसवलेला भिकूनं. भिकू आन मी पंधरा वर्सं संगं खांब चढलो. सातवी नापास माणूस, पण त्या डब्यावर लिनक्स, म्हंजी डबा चालवणारं सॉफ्टवेर, त्यानंच चढवलं. म्हणायचा, "विश्राम, हे कुणाच्या बापाचं न्हाई. आत काय हाय ते समदं उघडं. वाच आन बदल."

लिनक्स आपल्या मनानं एकेका लाइनीला नाव देतंय. यंपी-थ्री-यस-झिरो, असलं कायतरी. भिकूला ते बघवायचं न्हाई. त्यानं आपली नावं घातली. लाइन जितं संपती, त्या घरातल्या माणसाचं नाव. मौला. शाहजादी. पुण्याहून येणाऱ्या लाइनीला 'वेस'. आन सोताच्या घरच्या लाइनीला, 'इंदू'. बायकोचं नाव! गाव हसलं. हसू दे म्हणला. कारण लाइन पाडायची, म्हंजी बंद करायची झाली की त्यो आधी त्या घरी फोन लावायचा. "दोन मिन्टं पाडतुया, चालंल का?" चालंल म्हणले तरच पाडायचा. खिंडीत मोबाईलला रेंज न्हाई, फोन लागतोय त्यो ह्या लाइनीवरच, वायफायनं. ती पडली की माणूस मुका.

गेल्या गणपतीत भिकू गेला. इंदूबाई एकटी ऱ्हायली, खालच्या रानात. दमा हाय तिला.

दोन म्हयन्यांनी ह्या निरंजननं डब्यातली यादी बघितली आन तोंड वाकडं केलं. "काका, ही काय लग्नपत्रिका आहे का? नंबर टाकतो सगळ्यांना. प्रोफेशनल दिसलं पाहिजे."

मी म्हणलं, "टाका. पण आधी घरोघर इचारा. इंदूबाईचं तर नक्की इचारा."

"दोन मिनिटांचं काम आहे हो!" आन हसला. तोंडावर हसला माझ्या.

तारीख एकोणीस नोव्हेंबर, बुधवार. अवस दुसऱ्या दिवशी. रात्रीचे पावणेबारा. हा महाळुंग्यात खुर्चीवर पाय घेऊन बसलेला. नाव बदलायचं तर आधी लाइन पाडाया लागती, मग नाव घालायचं, मग उठवायची. ह्या दीडशहाण्यानं समद्या एकदमच पाडल्या. 'वेस'बी पाडली. ज्या लाइनीवरनं आत शिरला, तीच! आता महाळुंग्यातनं उठवणार कशी? बसला बोंबलत.

हसतुयास, आयान? शिकलेलीच माणसं करत्यात हे. भिकूनं एकदाबी केलं न्हाई.

निघाला गाडी काढून. घोटावडं, पौड, मग धरणाची कड. गाडीत गाणी चालू. उद्या मालकाला काय थाप मारायची, ह्याचा इचार. सव्वाला खोलीत पोचला. हे मला त्यानंच सांगितलं, दवाखान्याच्या पायरीवर बसून. तवा त्याचे दात वाजत व्हते.

सात लाइनींनी नंबर घेतले. मुकाट उठल्या. आठवी ऱ्हायली.

नंबर घातला. उठवली. यादी काढली.

इंदू. पडलेली.

चुकलं आसंल म्हणला. परत नंबर. परत यादी.

इंदू. पडलेली.

"काका, भिकूकाकांची जुनी फाइल ऱ्हायली आसंल. ती परत तेच नाव घालती."

पुसली ती फाइल त्यानं, आयान. तुज्यापेक्षा जास्त शिकलेला त्यो. काय उपेग झाला, ते ऐक.

डबा बंद केला. चालू केला.

इंदू.

भिकूला शिवी घातली. मेलेल्या माणसाला. ह्या असल्यानं! आन रागारागानं त्या लाइनीची वायरच उपसली.

वायर हातात... आन भोकाचा हिरवा दिवा लुकलुकतोय.

खोलीत पंख्याचा आवाज. मग... त्योबी न्हाई.

दिवा लुकलुकतोय.

किती येळ उभा व्हता, त्याला सांगता आलं न्हाई. शेवटाला वायर परत घातली. नावाला हात लावला न्हाई. आन म्हणला... कुणाला म्हणला, त्यालाच ठावं... "राहू दे. राहू दे तेच."

लाइन उठली.

आन त्याच घडीला खिशातला फोन वाजला. इंदूबाईच्या घरचा नंबर.

बोलणं न्हाई. नुसता श्वास. घर्र... घर्र... मग तेबी थांबलं...

एवढं मातर मानतो मी, पळाला. अंधारात रानातनं पळाला. दार ढकललं तर इंदूबाई जमिनीवर, हातात फोन, व्हट निळे. उचलून गाडीत घातली, पौडच्या दवाखान्यात आणली. आक्सिजन लावला. डाक्टर म्हणले, अजून दहा मिन्टं गेली असती तर संपलं व्हतं. दीड तास ती बाई फोन दाबत व्हती, आन लाइन ह्या शहाण्यानं पाडलेली.

सकाळी मी गेलो. ती उठून बसलेली. निरंजन पायथ्याशी, मान खाली. तिनं त्याच्याकडं बघितलं. म्हणली, "सायेब, मी नगं म्हणले व्हते की."

"कधी, मावशी?"

"पावणेबाराला. ह्यांचा फोन आला न्हवं का. दोन मिन्टं पाडतुया, चालंल का? मी म्हणलं, नगा, छातीत भरलंय." दम खाल्ला. "ह्यांनी कधी माझं मोडलं न्हाई. मग तुमी का पाडलीत?"

निरंजन उठला, भाईर पायरीवर जाऊन बसला.

त्याच आठवड्यात निरंजननं नोकरी सोडली. महाळुंग्यातली खोलीबी. म्हयन्याभरानं इंदूबाई म्हणली, त्याचा फोन लावा, पोराला म्हणावं मनाला लावून घेऊ नगंस. बघा, बाई कशी ती! लावला मी. लागला न्हाई. अजून लागत न्हाई.

परवा खिंडीतल्या खोलीत गेलतो. भिकूनं शिकवलेली यादी तेवढी काढता येती मला. डबा आठ भोकांचा. मी बोटानं मोजली, दोनदा. यादीत लाइनी नऊ.

शेवटची... निरंजन. पडलेली.