कोणतं ‘आपण’?

“आपण शीळफाट्याला उतरणार. मग आपण चालत जाणार.”

ठाण्यात खोपटच्या एस.टी. थांब्यावर उन्हानं लालबुंद झालेला एक उंच गोरा माणूस अगदी हसतमुखानं मला हे सांगत होता. खांद्यावर झोपलेली पोरगी, हाताशी एक मुलगा. मी नुसतं एवढंच विचारलं होतं, की शीळची गाडी इथंच लागते का?

“आपण?” मी फणकारले. “मी का म्हणून येऊ तुमच्याबरोबर चालत?”

तो गोंधळला. “नाही, नाही... आपण म्हणजे मी. आणि ही मुलं.”

“मग ‘आम्ही’ म्हणा! समोरच्यालाही सोबत घ्यायचं असलं, तरच ‘आपण’ म्हणतात.”

“असं?” त्याचे घारे डोळे मिश्कील झाले. “मग तुम्हाला सोबत घेतलं, तर चूक होणार नाही ना?”

काय हा आगाऊपणा! मी तोंड फिरवलं. पण हसू काही आवरलं नाही, आणि त्याला ते दिसलं.

गॅरेथ त्याचं नाव. दूरच्या वेल्समधून आलेला. शीळफाट्याच्या आतल्या बाजूला मिशनचं छोटंसं बालगृह होतं, आईबाप नसलेल्या पोरांचं, आणि हा तिथला साहेब. मुलं मात्र त्याला ‘गारेदादा’ म्हणत. मी तेव्हा नुकतीच बी.ए. होऊन ठाण्याला घरी बसले होते आणि भाऊंचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, डोकं खात होते. बालगृहाला शिकवायला बाई हवी होती. “मिशनमध्ये?” भाऊंनी भुवया चढवल्या. पण माझ्या हट्टापुढे त्यांचं कधी काही चाललंय?

मुलांना बाराखडी, साहेबांना व्याकरण. श्रावणात पाऊस ओसरीवर आडवा यायचा. मी भिजू नये म्हणून तो माझ्या डोक्यावर पाटी धरायचा, आणि पाटीवरचं सगळं धुऊन जायचं.

“गृहपाठ पावसानं पुसला, बाई.”

“केला होतात का मुळात?”

“ते... पावसाला विचारा.”

लबाड! संध्याकाळी तो मुलांना घेऊन प्रार्थनेला बसे, मी उंबऱ्याशी तांदूळ निवडत असे. मान वर केली की त्याचे मिटलेले डोळे हमखास उघडे असायचे. मी खडा सापडल्याचं सोंग करायची.

पंचावन्न सालच्या थंडीत मिशननं ठरवलं, की बालगृह आता इथल्याच लोकांनी चालवायचं, बाहेरून आलेल्यांनी परतायचं. त्यात मला काही गैर वाटलं नाही. देश आमचा, पोरं आमची. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी तो विहिरीवर मुलांच्या अंघोळीचं पाणी शेंदत होता. दोर हातात, नजर पाण्यात.

“उत्तरा...” पहिल्यांदाच नुसतं उत्तरा! “आपण जायचं?”

“कोणतं ‘आपण’?”

“तुम्ही शिकवलंत, ते.”

किती दिवस मी या प्रश्नाची वाट पाहत होते! ‘हो’ अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात अंगणातून मालननं हाक मारली — “बाई, वेणी!” त्या दिवशी त्याच्या खांद्यावर झोपलेली पोरगी ती हीच. फणी हातात घेऊन उभी होती. एकदा सगळं गमावून बसलेली ही लेकरं... आम्ही दोघंही एकदम उठून गेलो, तर?

“यांना काय सांगायचं, गॅरेथ?”

बादली वर आली, ती काढून घ्यायचंही त्याला सुचलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं नाही. मला नाही म्हणावं लागलं नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

निघायच्या सकाळी प्रार्थनेत त्यानं एकेका मुलाचं नाव घेतलं. शेवटी माझं घेतलं, आणि ‘आमेन’ म्हणायला विसरला.

डोंबिवली स्टेशनवर न्यायला धोंडीबाचा टांगा दारात उभा होता. स्वयंपाकाच्या बायजानं साहेबाच्या खिशात बोरं कोंबली. थांब्यावर त्याच्या हाताशी होता, तो काळुराम खांबामागून पुढे यायलाच तयार नव्हता. आणि मालन... ती केव्हाच टांग्यात चढून बसली होती, ट्रंकेशेजारी, मांडीवर आपल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन.

“गारेदादा, आपण जायचं ना?”

त्यानं तिला उचलून खाली घेतलं. बराच वेळ सोडलंच नाही.

“आपण नाही, मालन. मी. एकटा.”

इतकं अचूक मराठी तो कधीच बोलला नव्हता. वाटलं, कशाला शिकवलं मी!

पोरं रडून रडून थकली. बायजा त्यांना आत घेऊन गेली. तो टांग्यात बसला. मी जवळ गेले.

“माझं प्रेम आहे तुमच्यावर. बोलायचं राहूनच गेलं होतं...”

तो ताडकन उठला. एक पाय पायरीवर आलासुद्धा.

“उतरू नका,” मी म्हटलं. “एकदा रडून झालीयेत ती. पुन्हा नका रडवू.”

तो तसाच, अर्धवट उभा. मी त्याच्या हातावर हात ठेवला, अगदी क्षणभर. तो हळूहळू खाली बसला. धोंडीबा लगाम धरून थांबला होता. त्यानं साहेबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“बाई, हाकू का?”

गॅरेथची नजर माझ्यावरच होती.

“हाका,” मी म्हटलं.