डाव्या वळणावरची पापणी

पठारावरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर सकाळी साडेसातला बारा मोटारसायकली ओळीने थांबल्या. बाराही स्वारांनी एकाच क्षणी डावा पाय खाली टेकवला, मान किंचित उजवीकडे कलती केली आणि हातमोज्यातली बोटं ताणून सैल सोडली. ते बघून भास्कर धायगुडे यांना आजही कसंसंच झालं. मान कलती करायची सवय त्यांची होती. तिचा गाडी चालवण्याशी काहीएक संबंध नव्हता. लहानपणी कान दुखायचा, तेव्हापासून ती लागली होती.

धायगुडेंच्या शाळेत नवख्यांना प्रवेश नव्हता. निदान दहा वर्षं गाडी चालवलेल्यांनीच इथे यायचं. नवख्याला शिकवणं सोपं, मुरलेल्याला विसरायला लावणं महाकठीण, असं ते म्हणत. वीस वर्षं घाट तुडवलेल्या माणसाला आपलंही काही चुकतं हे पटवून देता देता त्यांच्या नाकी नऊ येत. मग अनुकृती जाकीट आलं आणि पटवायची गरजच उरली नाही. जाकिटाच्या अस्तरात विणलेले तंतू वीज मिळताच आकसायचे आणि नेमक्या क्षणी नेमका स्नायू दाबायचे. हेल्मेटच्या आतल्या पट्ट्या डोळ्यांभोवतीचे स्नायू हलकेच चाळवून नजर कुठे न्यायची ते सुचवायच्या, कारण वळणावर नजर जाईल तिकडेच गाडी जाते. एका निष्णात माणसाच्या अंगाची नोंद करून ठेवायची, तिला म्हणायचं मूळप्रत, आणि ती दुसऱ्याच्या अंगात वीस तास मुरवायची. पुढे जाकीट उतरवलं तरी अंग विसरत नसे.

मूळप्रत धायगुडेंची होती. आजवर अकराशे चाळीस माणसं त्यांच्या अंगाने मोटारसायकल चालवत होती आणि त्यांच्यातले अपघात निम्म्यावर आले होते. धायगुडेंना त्याचा अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत.

त्या सकाळी रेहाना मुजावर हात गळ्यात बांधून आली. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर मोटारसायकलवरून रक्ताच्या पिशव्या आणि औषधं पोहोचवणारी ही बाई चार महिन्यांपूर्वी तुकडीत पहिली आली होती. मंगळवारी भर दुपारी, कोरड्या रस्त्यावर, ती पडली होती. धायगुडेंनी वेग विचारला, टायर विचारले, ब्रेक विचारला. सगळं ठीक होतं. तिची तक्रार निराळीच होती आणि ती सांगायला तिला संकोच वाटत होता.

"सर, हसणार नसाल तर विचारते," ती म्हणाली. "उताराला डावं वळण आलं की माझ्या मागं कोण बसतंय?"

धायगुडे हसले नाहीत.

"कमरेला दोन्ही हातांनी धरतंय कुणीतरी," रेहाना म्हणाली. "बाईचे हात हायत, एवढं कळतं. आधी ते आवळतात. मग माझे डोळे मिटतात. मी मिटत नाही सर, आपोआप मिटतात. मंगळवारी उघडले तेव्हा मी कठड्याला होते."

धायगुडेंनी तिला चहा द्यायला सांगितलं आणि ते आतल्या खोलीत जाऊन बसले. नऊ वर्षांपूर्वी अशाच उतारावरच्या डाव्या वळणावर त्यांची गाडी घसरली होती आणि मागे बसलेली इंदू, त्यांची बायको, दरीच्या बाजूला फेकली गेली होती. रस्त्यावर तेल सांडलं होतं, असं पंचनाम्यात लिहिलं गेलं. धायगुडेंनी तसंच सांगितलं होतं आणि तसंच धरून चालले होते. तेव्हापासून तसं वळण आलं की क्षणभर त्यांचे डोळे मिटत. कुणाला कधी बोलले नव्हते. ती आपली जखम आहे, आपल्यापुरती आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. आता ती जखम त्यांनी अकराशे चाळीस जणांना वाटली होती.

अनुकृतीची अभियंता पल्लवी गोंधळेकर दुपारपर्यंत पोहोचली. धायगुडेंनी काही न लपवता तिला सगळं सांगितलं. तिने मूळप्रत उघडली आणि डोक्याला हात लावला. डाव्या उतारावर पापण्या पाव सेकंद मिटत होत्या, स्पष्ट दिसत होतं. मग मूळप्रत नोंदवून चार वर्षं झाली, तरी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं धायगुडेंनी विचारलं. उत्तर देताना तिचा चेहरा पडला. प्रत्येक शिकाऊ स्वाराची नोंद मूळप्रतीशी ताडून पाहिली जायची आणि जितका फरक, तितकी चूक धरायची. ज्याने धायगुडेंसारखे डोळे मिटले, त्याची चूक शून्य. रेहाना पहिली आली होती ती त्यामुळेच.

"एवढं काढून टाकता येईल ना?" धायगुडेंनी विचारलं.

"त्यासाठी अपघाताच्या आधीची, डोळे उघडे असलेली तुमची नोंद हवी," पल्लवी म्हणाली. "तशी एक आहे. जाकिटाच्या पहिल्या चाचण्यांची, दहा वर्षांपूर्वीची. मागे माणूस बसवून घेतलेली."

धायगुडेंना ते दिवस आठवले. इंदू डबा घेऊन यायची आणि चाचण्या घेणारे पल्लवीचे गुरू गळ घालत म्हणून मागे बसायची, साडीचा पदर खोचून, कुरकुर करत. त्या नोंदीत तिच्या हातांचा दाबसुद्धा उमटला होता. पल्लवीने ती पडद्यावर लावली आणि शेवटपर्यंत पाहिली. मग तिने खुर्ची सरकवून धायगुडेंना जागा दिली.

अकरा फेऱ्या होत्या. अकराही फेऱ्यांत डाव्या उतारावर पापण्या मिटल्या होत्या, अपघाताच्या वर्षभर आधी. आणि अकराही वेळा, त्याच्या किंचित आधी, इंदूचे हात आवळले होते.

तेल नव्हतंच, हे धायगुडेंना त्या क्षणी कळलं. कदाचित आधीही कळलेलं असेल. ज्याला ते जखम समजत होते तोच त्यांचा दोष होता, आणि मागे बसणाऱ्या इंदूला तो ठाऊक होता. ती दर वळणाला वाट पाहत बसायची. एकदा जेवताना ती म्हणाली होती, अहो, वळणावर तुम्ही डोळे झाकता का हो? ते मोठ्याने हसले होते. मला शिकवतेस का, असं म्हणून त्यांनी ताट पुढे केलं होतं आणि तिने भाजी वाढली होती. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. धायगुडे दोन्ही हातांत तोंड लपवून रडले. पल्लवी खिडकीबाहेर बघत राहिली.

दुपारी तीनला त्यांनी सगळ्यांना निरोप पाठवला. आपला दोष त्यात साध्या शब्दांत लिहिला आणि नवी नोंद अंगात मुरेपर्यंत कुणीही घाट उतरू नये असं कळवलं. उत्तरं भराभर आली. राग फार थोड्यांचा होता. बहुतेकांनी विचारलं होतं ते त्या हातांबद्दल. आपल्या एकट्यालाच तसं होतं असं जो तो समजत होता. एका ट्रॅफिक हवालदाराने लिहिलं होतं, 'डोळ्यांचं करा काय ते, पण बाईंना राहू द्या.' पावसाळ्यात कोरड्या दिसणाऱ्या पुलावर ते हात आवळले म्हणून तो थांबला, आणि पुढचा गाळा वाहून गेलेला होता. असे बावीस निरोप होते. रेहाना म्हणाली, तिच्याबाबतीतही एकदा झालंय. वळणापलीकडे दरड पडली होती.

"ती दरड, तो पूल कुठल्याच नोंदीत नाही," धायगुडे म्हणाले.

पल्लवीने आपल्याला सुचलं तसं समजावलं. धोका मनाच्या आधी अंगाला कळतो, पण तो सांगायची सोय अंगापाशी नसते. या माणसांना ती सोय मिळाली होती. इंदूच्या हातांनी त्यांचं अंग त्यांना सावध करत होतं. आपण म्हणतो त्यावर आपलाच पुरता विश्वास नाही, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. अडचण पुढेच होती. धायगुडेंच्या अंगात मुरून राहिलेला त्या हातांचा दाब आणि मिटणारी पापणी मूळप्रतीत एकाच झटक्यात नोंदली गेली होती. त्या जागी बसवायला उघड्या डोळ्यांची नोंद मिळालीच नव्हती, म्हणून तो तुकडा अख्खाच कापावा लागणार; एक काढलं की दुसरं जाणार. तिने पडद्यावर तेवढ्या तुकड्याभोवती चौकट आखली आणि पुसू का, म्हणून विचारलं.

पुसलं तर इंदू दुसऱ्यांदा जाणार होती, तेही धायगुडेंच्याच हातून. न पुसावं तर उद्या कुणीतरी कठड्यापलीकडे जाणार होतं. आजवर असले निर्णय त्यांनी कुणाला विचारून घेतले नव्हते. ते उठले आणि रेहानासमोरच्या बाकावर येऊन बसले.

"ताई, मला सांगणारं माणूस होतं, मी ऐकलं नाही," ते म्हणाले. "आता तुम्ही सांगा. तुम्हाला उघडे डोळे हवेत, की मागे ती हवी?"