पाचवी सही

त्या संध्याकाळी मी फक्त पाच सह्या गोळा करायला गेले होते. दूरदेशी शिकून परतल्यापासून आमचं वाचक मंडळ जगवायचं, हेच माझं वेड. ढगांवरच्या राज्याच्या अकरा कादंबऱ्या लिहून, बारावी अर्धवट टाकून जो लेखक वारला, त्याचं हे मंडळ. वाचनालयातली मागची खोली आमची. पण आज पाच सभासद जमले नाहीत, तर ती कॅरमवाल्यांना मिळणार होती. सहा वाजता ग्रंथपाल वही तपासायला येणार होते.

आम्ही होतो चौघं. मी सचिव, माझी मावशी, दातांचे डॉक्टर आणि निवृत्त पोस्टमास्तर. पाचवी खुर्ची रिवाजाप्रमाणे लेखकासाठी रिकामी.

"जीव गेला तरी मी मंडळ बंद पडू देणार नाही!" मी म्हणाले.

"अनुमोदन," विणकामातून मान वर न काढता मावशी म्हणाली. ठराव ऐकण्याआधीच ती अनुमोदन देते.

"आधी सही करणारा आण," डॉक्टर म्हणाले. "भाषणाने दाढसुद्धा निघत नाही."

तेवढ्यात दिवे गेले. ओल्या कागदाचा वास पसरला. रिकामी खुर्ची करकरली... मग कागदावर निबाची कुरकुर... सावकाश, विचार करकरून लिहिल्यासारखी.

"पोस्टमास्तर... तुम्ही लिहिताय?"

"मी टेबलाखाली आहे," खालून आवाज आला.

अंधारात कुणीतरी काही पुटपुटलं.

"अनुमोदन!" मावशी म्हणाली.

"अगं, कशाला?"

"कुणीतरी काहीतरी मांडलं ना आत्ता..."

दिवे आले. वहीत पाचवी सही होती. हिरवी शाई, अजून ओली. भिंतीवर चौकटीत लेखकाचं पत्र आहे. त्यातलीच सही, तोच शेवटचा फराटा.

ग्रंथपाल आले, पाच सह्या मोजल्या, "नवे सभासद वाटतं," म्हणून निघून गेले. खोली वाचली! डॉक्टर चक्क नाचले.

मग मी सहीखालच्या ओळी वाचल्या.

'ठराव: सचिवांची तळमळ पाहता, पुढील सभेपासून त्यांच्यासाठीही अशीच एक खुर्ची रिकामी ठेवावी. अनुमोदक: मावशी.'

मी वही मावशीपुढे सरकवली. मावशीने लोकर गुंडाळली.

"घाबरू नकोस गं. ठराव मागे घेता येतो."

"कसा?"

"ज्याने मांडला, त्याने उठून तसं सांगायचं..."

आम्ही चौघांनी त्या खुर्चीकडे पाहिलं. तिची गादी अजून दबलेली होती. उठायचं काही चिन्ह नव्हतं.