मधला पत्रा

ही हकिकत मी दुपारी कुणाला सांगत नाही, कारण ती घडली दुपारीच. आता दिवेलागण झाली आहे, तुम्हीही निवांत बसला आहात, तेव्हा सांगतो.

बडोद्यात लहरीपुऱ्याच्या दरवाजाजवळ माझे तसबिरींचे दुकान होते. आजोबा पागेत शिलेदार, वडील पलटणीत हवालदार आणि मी काचा कापणारा. घराण्याची तलवार झिजत झिजत काच कापायच्या हिऱ्याएवढी उरली, असे आमची मंडळी मला चिडवायची. पण हात चांगला होता, आणि त्याची मला घमेंडही होती. सयाजीराव महाराजांच्या हीरकमहोत्सवाच्या आदल्या वर्षी, चैत्र संपता संपता, सरदार प्रतापसिंहरावांचे बोलावणे आले. विश्वामित्रीचा पूल ओलांडून अकोट्याच्या वाटेवर त्यांचा बंगला होता.

त्यांच्या एका स्नेह्याने कलकत्त्याहून चार मासे पाठवले होते. सयामकडचे, लढाऊ. बोटाएवढा जीव, पण शेपटी जरीच्या पदरासारखी. लोणच्याच्या चार बरण्यांत चौघे वेगळे ठेवले होते आणि बरण्यांच्या मध्ये पुठ्ठे उभे केले होते. रावसाहेबांनी गंमत म्हणून एक पुठ्ठा उचलला. एकमेकांना पाहताच दोन माशांनी कल्ले फुगवले, पर ताठ केले आणि ते काचेवर धडका मारू लागले.

"एकत्र सोडले तर एकच उरतो," रावसाहेब म्हणाले. "आणि नुसते समोर दिसत राहिले तरी झुरून मरतात. मला एकच हौद हवा, बळवंतराव, चार खणांचा. पाणी सगळ्यांचं एक, पण कुणाला कुणाचं तोंड दिसता कामा नये."

मी तिथेच आराखडा काढला. लोखंडी चौकट, तळाला पाटीचा दगड, कडांच्या फटी बुजवायला अळशीच्या तेलात मळलेली लांबी. हे मासे उडी मारतात म्हणून वर झाकण, आणि वर येऊन श्वास घेतात म्हणून झाकणाखाली चार बोटे हवा. अडले ते मधल्या पडद्यांवर. पाणी खेळायला त्यांना बारीक भोके हवीत. काचेला इतकी भोके पडत नाहीत, लाकूड कुजते, पितळ-तांब्याने मासे मरतात.

"चांदी?" रावसाहेबांनी विचारले.

"देवाला चालते, ती माशाला का चालू नये?" मी तोऱ्यात म्हणालो. तेव्हा जीभ आवरली असती तर बरे झाले असते.

रावसाहेबांच्या घरातली चांदीची दोन जुनी ताटे मोडून चुनीलाल सोनाराने तीन पत्रे ठोकून दिले. मात्र मधला पत्रा एका कोपऱ्यात कमी पडला, पेढ्याएवढी जागा राहिली. मी बंगल्यावर तसे सांगितले, तेव्हा रावसाहेबांनी आत हाक मारली आणि कुसुमावतीबाई बाहेर आल्या.

या त्यांच्या दुसऱ्या पत्नी. वय विशीच्या आसपास, सातवा महिना लागलेला. पहिल्या इंदिराबाई तीन वर्षांपूर्वी बाळंतपणात गेल्या, पोटातले मूलही त्यांच्याबरोबर गेले. आमच्यात रीत आहे, की दुसरेपणाच्या बाईने गेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालायचा. चांदीच्या पातळ पत्र्यावर उमटवलेली बाईची आकृती असते ती. इथल्या गुजरात्यांतही सवतीची पावले घालतात. गेलेलीला तिचा मान मिळाला की ती संसारावर डोळा ठेवत नाही, असा समज. कुसुमावतीबाईंच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात तो टाक होता.

"काढा तो," रावसाहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता. विलायतेत शिकलेला, सरळ मनाचा माणूस. "जिवंत बाईनं मेलेलीचं ओझं का वागवायचं? तुम्ही रात्ररात्र दचकून उठता, त्याचं कारण हेच आहे."

"बाळंतपण होईपर्यंत राहू द्या... मग हवं ते करा," बाई म्हणाल्या.

पण शेवटी त्यांनी दोरा काढला. टाक माझ्या हातावर ठेवताना त्यांची बोटे गार पडली होती.

चुनीलालने टाक पाहिला मात्र, हात मागे घेतला. "ना भाई, आ मारा हाथे नहीं थाय." हे आपल्या हातून व्हायचे नाही, म्हणाला. मी म्हटले, अरे, वाल-दोन वाल, चिमूटभर तर चांदी! त्याने पाठच फिरवली. मग मीच तो दुकानात ऐरणीवर ठेवला. हुकूम रावसाहेबांचा होता आणि मला काम वेळेवर द्यायचे होते. पहिल्या घावात नाक गेले, दुसऱ्यात डोळे, आणि पाच-सहा घावांत आकृती साफ सपाट झाली. तो तुकडा मी मधल्या पत्र्याच्या कोपऱ्यात रिबिटांनी बसवला. मला काही वाटले नाही. खोटे कशाला सांगू, काम नीट जमले याचाच आनंद झाला.

हौद दिवाणखान्यात लागला. दोन दिवस निवलेले विहिरीचे पाणी भरले, चार मासे चार खणांत सोडले. रावसाहेबांनी खूश होऊन मला फेटा बांधला.

आठच दिवसांत निरोप आला. मधल्या दोन खणांतले मासे अन्न घेत नव्हते. दोघे मधल्या पत्र्याकडे तोंड करून, कल्ले फुगवून, दिवसभर त्या कोपऱ्यावर धडका मारत होते. पत्र्याची चकाकी राहिली असेल, त्यात स्वतःचेच रूप दिसत असेल, म्हणून मी पत्रा काढून वाळूने घासून पार मंद केला. दोन दिवसांनी दोन्ही मासे मेले. पत्रा जागेवर, वर झाकणाला भिडलेला होता, झाकणाची कडी लागलेली होती, आणि दोघेही एकाच खणात तरंगत होते.

"उडी मारली असेल," रावसाहेब म्हणाले.

वैशाखात ते कामासाठी मुंबईस गेले. एका दुपारी बंगल्यावरची मोलकरीण मला बोलवायला आली. बाईसाहेबांनी ताबडतोब बोलावले होते. दारे-खिडक्यांना वाळ्याचे पडदे सोडले होते, आत हिरवट अंधार. कुठे पान हलत नव्हते. आणि दिवाणखान्यात पाऊल टाकताच वास आला. ओवा, शेपा, वावडिंग. बाळंतिणीच्या खोलीतली धुरी.

"तुम्हालाही येतो ना?" कुसुमावतीबाई हौदाजवळ बसून होत्या. तोंड उतरलेले, डोळ्यांखाली काळे. "भाऊ, घरात अजून कुणी धुरी केलेली नाही. हा वास... पाण्यातून येतो."

मी वाकलो. खरेच, झाकणाच्या फटीतून तो उबदार वास येत होता. मधल्या दोन रिकाम्या खणांत, पत्र्याच्या दोन्ही अंगांना, पांढऱ्या फेसाचे पुंजके जमले होते. हे मासे पिलांसाठी तसे फेसाचे घर बांधतात. पण तिथे मासा नव्हता.

"चार दिवस पोटात बाळ हललं नाही," त्या अगदी हळू म्हणाल्या. "तो टाक मला परत द्या, भाऊ. तिचा मान तिला मिळू दे... नाहीतर ती मला आणि बाळाला ठेवायची नाही."

माझ्या हातोड्याखाली काय गेले होते, ते मला त्या क्षणी पहिल्यांदा कळले. मी झाकण उघडले, बाही सरसावली. पण त्यांनी माझा हात धरला.

"मान मी द्यायचा. मीच काढते."

त्यांनी कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. पत्र्यापर्यंत पोहोचला असेल, आणि तिथेच थांबला. मी वाट पाहिली. बाहेर एक होला घुमत होता, तो गप्प झाला.

"बाईसाहेब... निघत नाही का?"

त्यांचे ओठ उघडे होते आणि श्वास चाललेला दिसत नव्हता. मी पुढे सरकणार तोच त्यांनी एक लांब श्वास घेतला, बुडता माणूस वर आल्यावर घेतो तसा, आणि पत्रा सहज उपसून माझ्या हातात दिला. मी घाईघाईने रिबिटे उडवली. तुकडा धोतराला पुसला तर बोटाला खडबडीत लागला. नाक, डोळे, पदर, सगळे जसेच्या तसे वर उमटले होते.

त्यांनी तो काळ्या दोऱ्यात ओवून स्वतः गळ्यात बांधला, पोटावरून हात फिरवला आणि हसल्या. "हललं," एवढेच म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

आषाढात त्या सुखरूप बाळंत झाल्या. मुलगा झाला. बातमी ऐकून मी भर रस्त्यात, दरवाजाखाली, हात जोडले. माझ्या चुकीने कुणाचा जीव गेला नाही, याहून मला काय हवे होते?

बारशाला आवर्जून गेलो. दिवाणखान्यात पाहुण्यांची ये-जा, सनई. बाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. अंग भरलेले, तोंडावर तेज. हौद अजून तिथेच होता. कडेच्या दोन खणांत दोन मासे, मधले दोन खण एक होऊन रिकामे.

"बरं आहे ना, बाईसाहेब?" मी विचारले.

"मला काय झालंय, बळवंतराव?" त्या म्हणाल्या. मग बाळाच्या कपाळावरचे जावळ सारत, शेजारच्या बाईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "तिचंच जरा अवघड आहे. अजून पाण्याला सरावली नाही."

मी हौदाकडे पाहिले. मधल्या रिकाम्या खणात, तळापासून, एक बुडबुडा वर आला. थोडा वेळ थांबून दुसरा. माणूस श्वास घेतो, तेवढ्याच अंतराने.

मोलकरणीने माझ्या हातावर पेढा ठेवला. तो मी घेतला, बाळाला आशीर्वाद दिला, रावसाहेबांना मुजरा केला आणि घरी आलो. मला भाऊ म्हणणाऱ्या त्या पोरीला मी तिथेच, त्या पाण्यात, ठेवून आलो.