त्याच कपारीवर

सासू-सुनेने वाटाड्याची जीप ठरवली ती तीन राखीव उद्यानं बघायची म्हणून. निदान त्याला तरी त्यांनी तसंच सांगितलं होतं. आधी धबधबा, मग मिठाचं मैदान आणि शेवटी ती खोल घळ, जिच्या तळाशी दगडाची आपोआप घडलेली कमान आहे. दोघींचं खरं काम घळीत होतं. गेल्या वर्षी सुनेचा नवरा तिथेच मेला होता, आणि तेव्हा सोबत हाच वाटाड्या होता.

"पिऊन उतरला, पाय घसरला," असं त्याने उद्यानाच्या चौकीवर सांगून टाकलं. पण अर्ध्या कड्यावरच्या कपारीखाली देह सापडला तेव्हा दोर अडकवायचा कमरपट्टा शाबूत होता आणि दोर कुठेच नव्हता. सून उंच इमारतींच्या काचा दोराला लटकून पुसायची. दोर आपल्या पायाने वर चालत जात नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. वाटाड्याने मात्र दोघींना कधी पाहिलंच नव्हतं. तो मयताला फिरकलासुद्धा नव्हता.

धबधब्यापाशी ओल्या दगडांवरून त्याने सासूला हात धरून नेलं. "मावशी, जपून हं." सासूने तो हात नंतर साबणाने घासून धुतला.

मिठाच्या मैदानात जीप रुतली. वर पांढरी खडखडीत साय, खाली काळा रेंदा. ऊन भाजून काढत होतं, प्यायचं पाणी तळाला गेलं होतं, आणि वाटाड्या हातपाय गाळून बसला. सासूने उभं आयुष्य शाळेची बस चालवण्यात घालवलं होतं. तिने तंबूचं कापड चाकांखाली कोंबलं, त्याला मागून ढकलायला लावलं आणि जीप बाहेर काढली.

"मावशी, तुम्ही भारीच आहात," तो चिखल पुसत म्हणाला.

"अजून कुठे पाहिलंस," सासू म्हणाली.

घळीच्या तोंडाशी पाटी होती: 'दारू पिऊन उतरू नये. गेल्या वर्षी एकाने असाच जीव गमावला.' सासूने ती दोनदा वाचली. तिच्या मुलाने दारूला कधी बोटही लावलं नव्हतं.

"त्याच कपारीवर सोडायचा," ती सुनेच्या कानाशी म्हणाली. "रात्रभर बसू दे एकटा."

सून आणि वाटाड्या दोराने अर्ध्या कड्यावरच्या कपारीपर्यंत उतरले. खाली कमानीतून पाण्याची बारीक धार वाहत होती. डोक्यावर आभाळ निळंशार होतं. काळे ढग होते ते दूर, उगमाकडच्या डोंगरांवर.

"कॅमेरा वरच राहिला," असं म्हणून सून झपाझप वर चढली. काठावर पोचताच तिने दोर ओढून घेतला आणि थोरल्या खडकाला मारलेली त्याची गाठही सोडली.

"ताई, दोर सोडा ना."

"माझ्या नवऱ्यानेही असंच म्हटलं असेल," ती खाली वाकून म्हणाली. "तेव्हा तू काय केलंस?"

वाटाड्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो उत्तर देणार एवढ्यात घळ घुमू लागली. दगड दगडावर आपटत येत होते. लोंढा! तांबडं पाणी भिंतीसारखं वळणावरून आलं आणि बघता बघता कमान बुडाली. एका रात्रीची शिक्षा आता फाशी झाली होती.

सून क्षणभर तशीच उभी राहिली. नवऱ्याने शेवटी हेच पाहिलं असणार. बघू दे यालाही. पाणी वाटाड्याच्या गुडघ्यांना लागलं. तो ओरडत नव्हता, नुसता वर बघत होता. तिने दातओठ खात दोर आपल्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक खाली फेकलं. त्याने ते कमरपट्ट्यात अडकवलं. पुढच्याच लाटेने त्याला उचललं.

हिसका बसला! सून आडवी झाली. टाचा मुरमात रुतवूनही ती काठाकडे घसरू लागली.

"आई, जीप आणा! दोर हुकाला लावा!"

सासू जीपमध्येच बसली होती. हात स्टिअरिंगवर. किल्ली तिने फिरवली नाही.

सून आणखी हातभर घसरली. तळव्यांची सालं निघाली. एक पाय काठाबाहेर गेला.

इंजिन गुरगुरलं. जीप धुरळा उडवत आली. सासूने उडी मारून दोराचा फास पुढच्या हुकात टाकला, पुन्हा आत चढली आणि जीप मागे घेतली. इंच इंच करत वाटाड्या काठावर आला आणि पालथा पडला.

"मी सगळं सांगतो," तो ओकत म्हणाला. "मीच दोर नेला होता. पाणी आलं, मी घाबरलो."

"इथे नाही. चौकीवर सांग," सून म्हणाली.

चौकीवर पोचेपर्यंत कपडे वाळले, तशी त्याची जीभही वाळली; शब्द फुटेना. तेव्हा सासू त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "नको सांगूस. तुझ्या प्रत्येक सहलीत पहिल्या सीटवर मी बसेन आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्या पोराची गोष्ट सांगेन. मला आता दुसरं कामच नाही." वाटाड्याने तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घालून पहिल्यापासून बोलायला लागला. रखवालदाराने ते लिहून घेतलं, त्याला बाकावर बसवून ठेवलं आणि पाना घेऊन स्वतः पाटी काढायला गेला.

परतीच्या बसमध्ये सासूने सुनेच्या तळव्यांना मलम लावलं.

"त्याच्यासाठी नाही हं मी गाडी काढली. तू चालली होतीस खाली."

"माहीत आहे."

"शेजारी एवढा थोरला खडक होता. दोर त्याला बांधायचा सोडून कमरेला कसा बांधलास? रोजचं काम तुझं."

"खडकाला बांधला असता तर तुम्ही किल्ली फिरवली असती का?"

सासूने बोटावर आणखी मलम घेतलं. तिने दुसरा तळवा हातात घेतला.