शिमग्यापर्यंत भरलेली जागा

विषय : उरणच्या वेशीबाहेरील गिरणीजवळची चाळ, खोली सात; तीतील दुसऱ्या अर्ध्या भाडेकरूस हलविण्याबाबत.

नलू, कंदील बारीक कर. हा विषय ऐकून हसायचे ते आत्ताच हसून घे. अर्जदार अंबाजी माझ्या चांगल्या ओळखीचा. गोष्ट साल बत्तीसच्या पौष अमावास्येच्या रात्रीची.

अंबाजी भाताच्या गिरणीत रात्रपाळीला इंजिनवर होता. त्या वस्तीत अख्खी खोली घेणारे थोडे. बाकीचे अर्धी घेत : एकाने दिवसा झोपायचे, दुसऱ्याने रात्री. कुलूप एक, चाव्या दोन. सोबत्याचे तोंड महिनोन्‌महिने दिसत नसे. चाळीतल्या नवराबायकांना या सोयीचा हेवा वाटे.

अंबाजीचा सोबती मिठागरातला बुधाजी. गेला महिनाभर रोज सकाळी अंबाजी येई तेव्हा घोंगडी ओली. दुपारी ती वाळली की मधोमध मिठाची पांढरी खर. आणि ही घोंगडी अंबाजीने मुद्दाम रुंद घेतलेली, कारण बायको रंगू यायची होती. रेवसहून तिचा निरोप होता, ‘माघ लागला की न्या, न्हायतर मी बापाकडं चालले.’

तो मालक जैनुद्दीनशेठकडे गेला.

“शेठ, बुधाजीला काढा. पुरी खोली मला द्या.”

“कसा काढू? मिठागरवाल्यानं त्याचं भाडं शिमग्यापर्यंत भरलंय. एका जागेचे दोनदा पैसे घेणं हराम.”

“मंग त्याला पाय तरी धुवाया सांगा!”

“सांगतो, इन्शाल्ला.”

अंबाजीच्या तक्रारीला मिळालेली ही सर्वांत भक्कम ग्वाही.

अमावास्येच्या रात्री इंजिनाचा पट्टा तुटला. बारा वाजता गिरणी बंद. अंबाजी दात खात घरी निघाला. आज गाठ पडणारच होती. खाडीला उधाण होते. रस्त्यावर कुत्रेसुद्धा नव्हते.

दाराला आतून कडी.

“बुधाजी, दार उघड.”

आत पाणी ठिबकत होते...

“ऐकतोस ना? रोज घोंगडी भिजवतोस! माझी बायको यायची हाय. उठत न्हाईस तर निदान जरा सरक तरी!”

ठिबकणे थांबले.

मग पावले. ओली. सावकाश. दारापर्यंत.

कडी निघाली.

अंबाजीने दार ढकलले. काडी ओढली. चिखलाचा वास... खोलीत कोणी नव्हते. जमिनीवर ओली पावले होती. घोंगडीपासून दारापर्यंत. परतलेले एकही नाही.

तो उरलेली रात्र शेजारच्या सखुबाईच्या ओट्यावर बसून होता. पहाटे ती चूल पेटवायला उठली.

“काय रं, घर सोडून हितं?”

“मावशे, बुधाजी कसा दिसतो गं?”

तिने फुंकणी खाली ठेवली. “तुला शेठनं सांगितलं न्हाय? महिना झाला, मार्गेसरीच्या अवसेला मिठागराचा बांध फुटला. तो बुजवाया गेला तो गेलाच. मढंसुदीक गावलं न्हाय.”

अंबाजी धावत शेठकडे.

“मयत मिळाली का?” शेठने शांतपणे विचारले. “नाही ना? मग तो मेला असं मी कसं म्हणू? उद्या परत आला, आणि त्याची जागा मी दुसऱ्याला दिलेली... तू अर्ज दे. मिठागरवाल्याला विचारतो.”

अर्ज मीच लिहून दिला. ‘हलविण्याबाबत’ हा शब्दही माझाच. याहून बरा सुचला नाही.

अर्ज देऊन अंबाजी कपडे आणायला खोलीवर गेला. ऊन घोंगडीवर आले होते. ती वाळली होती. पांढरी खर होतीच. पण मधोमध नव्हती. एका अंगाला, अगदी भिंतीला चिकटून, कुशीवर वळलेल्या माणसाएवढी.

उरलेल्या काळ्या घोंगडीवर मिठाचा कण नव्हता. दोघांपुरती जागा होती.

रंगू बापाकडे गेली. अंबाजी गिरणीत भुशाच्या ढिगावर झोपतो. मिठागरवाल्याचे उत्तर आलेले नाही. अर्ज विचाराधीन आहे.