पाचव्या हाताचा अधिकार

मालवणच्या समुद्रात उभ्या असलेल्या ‘सागरवेध’ जहाजाच्या नियंत्रणकक्षात सगळे उत्सुकतेने पडद्याकडे बघत होते. खाली सत्तर मीटरवर ‘अष्टभुजा’ हे आठ हातांचं, दर हाताला स्वतःचा मेंदू असलेलं यंत्र आज पहिल्यांदा खऱ्या कामाला जुंपलं होतं. खडकाच्या कडेवर टेकलेली पाणकोठी, म्हणजे पाणबुड्यांची पत्र्याची बंद खोली, त्याने उचलून आणायची होती. कोठीत एकटा पाणबुड्या होता. न्हानू. यंत्र घडवणाऱ्या कालिंदी कुबलचा धाकटा भाऊ.

“अजून सांगतो, कालिंदीबाई,” मोहीमप्रमुख खानविलकर म्हणाले, “हातांना अधिकार द्या, पण परत घ्यायची चावी डोक्याकडे, म्हणजे इथे आपल्याकडे ठेवा.”

“मग ते उसने अधिकार झाले, सर. एककेंद्री राज्यासारखे. केंद्राने दिले, केंद्राने काढले. संघराज्यात केंद्र आणि राज्यं दोघांनाही अधिकार घटनेतूनच मिळतात. इथे चालणं-वळणं डोक्याचं, पकड ज्या-त्या हाताची. नियम बदलायचा तर सहा हातांची संमती हवी.”

“आणि संकटात? सभा भरवायची?”

“आजोबांच्या रापणीत, किनाऱ्यावरून जाळं ओढताना,” कालिंदी हळूच हसली, “म्होरक्या नावेतून कितीही ओरडला तरी दोरी सोडायची की नाही, ते दोरी धरणाराच ठरवायचा. वजन त्याच्या तळव्याला कळतं ना!”

पाचव्या हाताने कोठी धरली आणि त्याच क्षणी खडकाची कड तुटली. पडदा गाळाने काळा झाला. भोंगा वाजू लागला. कोठीचा पत्रा वाकत होता!

“पकड फार आवळली गेलीय! सोड, पाच, सोड!” कालिंदी ओरडली.

पडद्यावर अक्षरं उमटली : *पकड माझ्या अखत्यारीत. सोडणार नाही.*

आत न्हानू होता, आणि तिच्याच नियमाने तिचे हात बांधले होते. “सर, काहीतरी करा!”

खानविलकरांनी ओशाळून खिशातून एक चावी काढली. “तुम्हाला न विचारता हिचं कुलूप बसवून घेतलं होतं.” त्यांनी ती फिरवली.

*नियमबदलाचा प्रस्ताव मिळाला. संमती हवी : सहा. मिळाली : दोन. प्रस्ताव फेटाळला.*

“अरे देवा!” खानविलकर मटकन बसले.

कालिंदीने मात्र पहिल्यांदाच शांतपणे विचारलं, “पाच, तुला काय जाणवतंय?”

*कोठीचं सगळं वजन माझ्यावर. खाली आधार नाही. दरी आहे.*

सोडायला लावलं असतं तर? ती ताडकन उठली. “पकड त्याची, पण चालणं तर डोक्याचं आहे!” तिने दांडा मागे ओढला. आठ हातांचं ते धूड पाऊल-पाऊल मागे सरकलं, कोठीला कडेवरच्या पोरासारखं सांभाळत. मग जहाजाच्या दोराने ते सगळंच्या सगळं वर खेचलं. पत्र्याला पोचा होता, चीर नव्हती. टाळ्यांनी जहाज दुमदुमलं.

कोठी डेकच्या वर अधांतरी लोंबत होती, तोच आतून न्हानूचा आवाज आला, “गो ताये, तुझो ह्यो राक्षस माका सोडणा नाय!”

“ता माझ्या हातात नाय रे!” डोळे पुसत कालिंदी म्हणाली.

खानविलकर खो खो हसले. त्यांनी दोर सैल करायला लावला. कोठी डेकवर पुरती टेकली, वजन उतरलं, आणि कुणीही न सांगता पाचव्या हाताची बोटं एकेक करून उघडली.